वैमानिकाच्या नोकरीचा अर्ज

२०२५ सालच्या नाताळच्या दिवशीं सकाळची उपासना आटोपून मंडळी एकमेकांस शुभेच्छा देत असतां आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी धांवत आम्हांजवळ आला, व प्रभूच्या जन्माविषयीं एक अक्षरही न बोलतां, "सर, आजपासून विमानें उतरूं लागलीं," एवढेंच सांगून पसार झाला. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें होतें. प्रवाशांची वाहतूक मात्र त्या नाताळापासून सुरू झाली. उलव्याची टेकडी तोडून व नदीचें पात्र वळवून जी धांवपट्टी तयार झाली, ती आमच्या शिरढोणापासून थोड्याच कोसांवर आहे. ज्या पोरानें जन्मापासून टेकडी उडविणाऱ्या सुरुंगांचे आवाज ऐकले, त्याला त्या दिवशीं दुसरें कांहीं सुचूं नये हें स्वाभाविकच होतें. आम्हीं त्यास मनांतल्या मनांत क्षमा केली.

तेव्हांपासून 'मी कोण होणार' या विषयावरील निबंधांच्या वह्या तपासतांना आम्हांस एक फरक दिसूं लागला आहे. पूर्वीं डॉक्टर, इंजिनिअर, फार तर फौजदार, एवढ्यावर आमच्या मुलांची धांव संपत असे. आतां पानोपानीं वैमानिक भेटतो. एका मुलीनें निबंधाच्या शेवटीं विमानाचें चित्र काढून त्याखालीं महिन्याच्या पगाराचा आंकडाही लिहिला होता. तो आमच्या पगाराहून इतका मोठा होता कीं वहीवर सही करतांना आमचा हात अंमळ अडखळला. ह्या उत्साहास आम्ही नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. परंतु या निबंधांतून अर्ज होतात, अर्जांतून कर्जें होतात, आणि कर्जाच्या वेळीं मुलांबरोबर पालकही आम्हांकडे येतात. म्हणून या विषयीं आमचें मत एकदां स्पष्टपणें मांडावें असें वाटलें.

अर्ज ही वस्तु शिरढोणास नवी नाहीं. याच गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचें बंड सर्वांस ठाऊक आहे. पण बंडाच्या आधीं ते पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यांत कारकून होते, आणि घरीं आई अत्यवस्थ असतां त्यांनीं केलेला रजेचा अर्ज वेळेवर मंजूर झाला नाहीं, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. ते घरीं पोहोंचले तेव्हां आई गेलेली होती. नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. आपल्या वेळेवर, झोंपेवर, आईच्या उशाशीं बसण्याच्या हक्कावर दुसऱ्याची सत्ता मान्य करणें, हेंही तीत येतें. ही गोष्ट आम्ही पुढें पुन्हां काढणार आहों.

प्रथम आमच्याकडे आलेल्या एका पालकांची हकीकत सांगतों. हे गृहस्थ पनवेल तालुक्यांतील एक शेतकरी; नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी, गणितांत चांगला, वागण्यांत सरळ. एके दिवशीं बापलेक दोघे आमच्या घरीं आले. मुलाच्या हातीं एका उड्डाणशाळेचें चकचकीत माहितीपत्रक, व बापाच्या हातीं सातबाराचा उतारा. "मास्तर, पोराला पायलट करायचंय. भाताचं शेत तारण देऊं का नको, एवढं सांगा," असें ते म्हणाले, आणि उतारा आमच्या पुढ्यांत ठेवून स्वस्थ बसले. वीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस इतका अवघड प्रश्न कोणत्याही विद्यार्थ्यानें विचारिला नव्हता.

आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. आठ दिवसांची मुदत मागून घेतली व या धंद्याची माहिती मिळविली. ती वाचकांच्याही उपयोगीं पडेल.

या देशांत दिलेला पहिला वैमानिक-परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांस मिळाला, व १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्यांनीं एका लहानशा पस मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूपर्यंत टपाल आणिलें. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडींतून विमानापाशीं आले. विमान ही तेव्हां श्रीमंतांची हौस होती, आणि पुढें सत्तर वर्षें विमानाचा प्रवास हाही बव्हंशीं श्रीमंतांचाच राहिला. २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ ह्यांनीं एअर डेक्कन ही अल्प भाड्याची कंपनी काढिली, तेव्हां हें चित्र पालटलें. मागाहून २००५ मध्यें स्पाइसजेट व गोएअर, २००६ मध्यें इंडिगो, २०२२ मध्यें अकासा अशा कंपन्या आल्या. आज आमच्या गांवचा मजूरही कधीं कधीं विमानानें जातो, ही गोष्ट आम्हांस मनापासून आनंदाची वाटते.

पण हें भाडें कमी होतें कसें? विमान कांहीं स्वस्त मिळत नाहीं, इंधनही मिळत नाहीं. या कंपन्या बहुधा एकाच जातीचीं विमानें घेतात, म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो व सुट्या भागांचा सांठाही एकाच प्रकारचा लागतो. एका विमानांत शंभर ऐंशीच्या आसपास बैठका दाटीनें बसवितात. जेवण फुकट देत नाहींत. आणि मुख्य म्हणजे विमानास जमिनीवर उभें राहूं देत नाहींत. उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत तें पुन्हां वर गेलें पाहिजे, कारण उभें असलेलें विमान पैसा खातें. ह्यांत निंद्य असें कांहीं नाहीं. काटकसर हा सद्गुणच आहे. तथापि काटकसरीचा एक भाग असा आहे कीं जो तिकिटावर दिसत नाहीं. वैमानिकास शिकविण्याचा खर्च कंपनी सहसा करीत नाहीं. तो वैमानिक होऊं इच्छिणाऱ्याचा बाप करितो.

तो खर्च किती? व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास वय १८ पुरें पाहिजे, आजच्या नियमाप्रमाणें बारावीस पदार्थविज्ञान व गणित पाहिजे, नौकानयनासारखेंच जें हवाई मार्गनिर्णयाचें शास्त्र तें, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाचें तांत्रिक ज्ञान ह्या परीक्षांत शेंकडा ७० गुण पाहिजेत, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झालेली पाहिजे, आणि २०० तासांचें उड्डाण पाहिजे, त्यांपैकीं १०० तास आपल्या स्वतःच्या जबाबदारीवर. ह्या दोनशें तासांस, राहण्याजेवण्यासकट, चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. मध्यम आंकडा पन्नास लाख धरला तर एका तासास पंचवीस हजार पडले. एवढें करून जो परवाना हातीं येतो त्यावर लहानसें विमान चालवितां येतें. एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ चालविण्यास त्या जातीच्या विमानाचें वेगळें शिक्षण घ्यावें लागतें, व त्यास आणखी पंधरा-वीस लाख. कांहीं कंपन्या आरंभापासून शेवटपर्यंत सर्व शिक्षणाची एकत्र योजना देतात. तिचा आंकडा कोटीच्या घरांत जातो. पन्नास लाखांच्या कर्जावर शेंकडा दहा व्याज धरलें तरी वर्षास पांच लाख, म्हणजे महिन्यास सुमारें बेचाळीस हजार रुपये नुसतें व्याज झालें. हें गणित आम्हीं आठवीच्या वर्गास फळ्यावर घातलें होतें. उत्तर काढल्यावर वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. आधीं बसून खर्चाचा अंदाज न करितां जो पाया घालितो, त्याचें पुढें काय होतें हें आमच्या विद्यार्थ्यांस रविवारच्या शाळेंत ठाऊक झालेलेंच आहे. पण या दाखल्याचा अर्थ बुरूज बांधूंच नये असा खचित नाहीं. आणि श्रीमंतांनींच बांधावा असा तर त्याहून नाहीं.

येथें आमचें पहिलें मत सांगून टाकितों. ज्या धंद्यांत उमेदवाराच्या शिक्षणाचा सर्व भार घरच्या शेतावर पडतो, त्या धंद्यांत गुणापेक्षां शेताची किंमत अधिक ठरते. लष्कर आपल्या वैमानिकास पदरच्या खर्चानें शिकवितें. कंपनीस त्याच वैमानिकाची गरज आहे, त्याच्या हातावर तिचा सर्व नफा अवलंबून आहे, आणि ती मात्र शिकून तयार झालेला मनुष्य दाराशीं येण्याची वाट पाहते. स्वस्त तिकीट काढून आम्ही खुशीनें प्रवास करितों तेव्हां त्या तिकिटाचा कांहीं भाग कोणातरी अनोळखी बापानें आगाऊ भरलेला असतो. सरकारनें व कंपन्यांनीं मिळून गुणी व गरीब मुलांकरितां शिष्यवृत्त्या ठेवाव्या, व नोकरी लागल्यावर पगारांतून रक्कम वळती करून घ्यावी, हें आम्हांस न्याय्य दिसतें. कंपन्या म्हणतील कीं शिकवून तयार केलेला मनुष्य दुसरीकडे पळतो. त्यास बंधन घालण्याचे उपाय त्यांस चांगले अवगत आहेत. नोकरी सोडतांना सहवैमानिकानें सहा महिने व कॅप्टननें एक वर्ष आधीं सूचना द्यावी असा नियम २०१७ सालीं झालेला आहेच.

दुसरी गोष्ट, नोकरीच्या शाश्वतीची. ज्या कंपनीचा गणवेश आज झळकतो ती उद्यां असेलच असें नाहीं. किंगफिशर २०१२ सालीं बंद पडली, व एअर डेक्कन तत्पूर्वींच तींत विलीन झालेली होती. जेट एअरवेजचीं उड्डाणें एप्रिल २०१९ मध्यें थांबलीं. गोएअर, जी पुढें गो फर्स्ट या नांवानें चाले, तिचें शेवटचें विमान मे २०२३ मध्यें उतरलें. या प्रत्येक वेळीं शेंकडो वैमानिक हातांत परवाना व डोक्यावर हप्ता घेऊन बाजारांत आले, आणि ज्यांस हजारों तासांचा अनुभव होता त्यांच्याच मागें रांगेंत दोनशें तासांचा नवा उमेदवार उभा राहिला. धंदा वाढतो आहे हें खरें. नवीं विमानें येत आहेत, आमच्याजवळ नवा विमानतळ झाला हेंही खरें. परंतु परवाना मिळाल्यावर एक वर्ष, दोन वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक काळ घरीं बसलेले तरुण आहेत, आणि माहितीपत्रकांत त्यांचें छायाचित्र नसतें.

म्हणून आठ दिवसांनीं ते गृहस्थ पुन्हां आले तेव्हां आम्हीं त्यांस सांगितलें तें असें. शेताचा कागद तूर्त पेटींत ठेवा. आधीं मुलाची वैद्यकीय तपासणी करा. तीस कांहीं हजार रुपये लागतील, पण डोळ्यांत रंग ओळखण्याचा दोष किंवा हृदयांत कांहीं उणें असल्यास तें लाखों रुपये भरण्याच्या आधीं कळेल. चष्मा असला तर त्यानें घाबरूं नये. चष्म्यासह दृष्टि ठीक असल्यास चालतें. मग लेखी परीक्षा घरीं अभ्यास करून द्याव्या. त्या उत्तीर्ण झाल्या तर मुलगा मनापासून मागें लागला आहे असें समजावें. न झाल्या तर शेत वांचलें. तिसऱ्या पायरीस उड्डाणशाळा पाहावी, आणि ती माहितीपत्रकावरून नव्हे, तर तेथें दोन दिवस राहून. विमानें किती, त्यांतलीं चालूं किती, शिक्षक किती, विद्यार्थी किती, एकास दोनशें तास पुरे होण्यास खरोखर किती महिने लागले, हें तेथील विद्यार्थ्यांसच विचारावें. पैसे एकदम भरूं नयेत. गोंदियाजवळ बिरसी येथें २००८ पासून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. १९२८ सालीं स्थापन झालेला बाँबे फ्लाइंग क्लब आपले विद्यार्थी धुळ्यास शिकवितो. बारामतीसही शाळा आहेत. उत्तरेस रायबरेलीजवळ फुरसतगंज येथें सरकारी अकादमी आहे व तिची प्रवेशपरीक्षा असते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें, म्हणजे ज्यास सर्वजण डीजीसीए म्हणतात त्यानें, २०२५ सालीं या शाळांची श्रेणी लावून यादी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पहिल्याच यादींत सर्वांत वरची श्रेणी एकाही शाळेस मिळाली नाहीं, यावरून पालकांनीं काय तो बोध घ्यावा.

गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें, व "म्हणजे तुम्ही नको म्हणत नाहीं," एवढेंच विचारिलें. आम्हीं नाहीं म्हणालों नाहीं.

मुलगा तपासणींत उतरला. परीक्षांपैकीं हवामानशास्त्रांत एकदां नापास झाला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. (ज्याचा बाप आभाळाकडे पाहून पेरणीचा दिवस सांगतो, त्यानें नेमकें याच विषयांत नापास व्हावें ह्याचें आम्हांस हंसूं आलें, त्यास मात्र आलें नाहीं.) मग अर्धें शेत तारण पडलें, सातबारावर बोजा चढला, व दोन वर्षांनीं दोनशें तास पुरे करून मुलगा परत आला. एके संध्याकाळीं तो आपला अर्ज आम्हांस दाखविण्यास घेऊन आला. इंग्रजी तपासून द्या, एवढीच त्याची मागणी होती.

इंग्रजींत विशेष दोष नव्हता. पण परीक्षांच्या कोष्टकांत 'किती प्रयत्नांत उत्तीर्ण' असा एक रकाना होता. हवामानशास्त्रापुढें त्यानें 'एक' लिहिलें होतें. आणि वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यांत 'उद्योजक' असें होतें.

आम्हीं त्यास दुसऱ्या रकान्याविषयीं कांहीं विचारिलें नाहीं. फक्त त्याच्याकडे पाहिलें. तो खालीं पाहूं लागला, व आपण होऊन त्यानें तो शब्द खोडिला. पहिल्या रकान्यावर मात्र वाद झाला. "सर, सगळे असेंच लिहितात," असें तो म्हणाला. या वाक्यानें जितकीं माणसें बुडविलीं तितकीं समुद्रानेंही बुडविलीं नसतील. वैमानिकांत एक जुना विनोद आहे असें आमच्या वाचनांत आलें: जे तास प्रत्यक्ष आकाशांत न जातां केवळ लेखणीनें वहींत भरिले जातात त्यांस ते पार्कर पेनाचे तास म्हणतात. विनोद चांगला आहे; परंतु ज्या विमानांत दीडशें माणसें बसलीं आहेत त्याच्या चालकाच्या वहींत असे पंचवीस तास असले तर हंसणार कोण? २०११ सालीं गोव्यास एक विमान चुकीच्या रीतीनें, पुढच्या चाकावर उतरविलें गेलें, त्याची चौकशी सुरू झाली, आणि त्या चौकशीच्या ओघांत वरिष्ठ परवान्याच्या परीक्षेच्या बनावट गुणपत्रिका उघडकीस आल्या. कित्येकांवर फौजदारी खटले झाले. विमानास गुणपत्रिका वाचतां येत नाहीं. तें फक्त हात ओळखतें.

त्या मुलानें 'दोन' लिहिलें. लिहितांना त्याचा चेहरा पाहून आम्हांस क्षणभर आपल्या सल्ल्याची भीति वाटली, कारण त्या एका अक्षरापलीकडे त्याच्या बापाचें अर्धें शेत उभें होतें आणि आमचें कांहींच उभें नव्हतें. उपदेश करणाराचें नुकसान सहसा होत नसतें, ही गोष्ट आम्हीं शिक्षकांनीं विसरूं नये.

आतां फडक्यांच्या रजेकडे वळूं. अर्ज मंजूर झाला, नोकरी लागली, म्हणजे पुढें काय? वैमानिकाचा दिवस घड्याळाप्रमाणें चालत नाहीं. कधीं पहांटे तीन वाजतां घर सोडावें लागतें, कधीं मध्यरात्रीं दुसऱ्याच शहरीं निजावें लागतें. थकलेल्या मनुष्याच्या हातीं विमान देणें म्हणजे काय, हें जाणून महासंचालनालयानें नवे नियम केले. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रींच्या उतरणींवर मर्यादा घातली, व रजेचा दिवस हा आठवड्याच्या विश्रांतींत मोजूं नये असें सांगितलें. नियमांचा दुसरा भाग १ नोव्हेंबर २०२५ पासून लागूं झाला. देशांतली सर्वांत मोठी कंपनी इंडिगो. तिनें नव्या नियमांस पुरतील इतके वैमानिक तयार ठेविले नव्हते, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तिचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. ५ डिसेंबर रोजीं तर एका दिवसांत हजारावर रद्द झालीं. विमानतळांवर लोक जमिनीवर निजले, लग्नें चुकलीं, कोणाचे अंत्यविधीही चुकले. तेव्हां सरकारनें काय केलें? रजा व विश्रांति वेगळ्या मोजण्याचें तें कलम मागें घेतलें, व कंपनीस रात्रींच्या नियमांतून कांहीं काळ सूट दिली.

प्रवाशांचे हाल झाले हें कोणी नाकारीत नाहीं. पण जो नियम प्रवाशांच्या जिवाकरितां केला, तो प्रवाशांच्या सोईकरितां मागें घ्यावा, हें आम्हांस पटलेलें नाहीं. शिरढोणच्या त्या कारकुनाच्या रजेवर फार तर एका कचेरीचा हिशेब अवलंबून होता. वैमानिकाच्या विश्रांतीवर मागें बसलेल्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात. ज्या मुलांस हा धंदा करावयाचा आहे त्यांनीं पगाराच्या आंकड्याखालीं हें सारें लिहून ठेवावें, व वृत्तपत्रें वाचतांना असल्या बातम्या गाळूं नयेत.

याच्याच जोडीस एक कठीण गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मुलांपेक्षां पालकांस व आम्हां शिक्षकांस अधिक लागू आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजीं एअर इंडिया एक्सप्रेस या अल्पदराच्या कंपनीचें विमान दुबईहून कोळिकोड येथें भर पावसांत उतरतांना धांवपट्टीच्या पलीकडे घसरून खालीं कोसळलें. दोन्ही वैमानिकांसह २१ माणसें मृत्यु पावलीं. मृतांचा न्याय करणें आमचें काम नव्हे. विमान चालवितां चालवितां प्राण गेलेल्या दोघांविषयीं आम्हांस आदरच आहे. तथापि चौकशीच्या अहवालांत असें नमूद आहे कीं धांवपट्टीचा जवळ जवळ अर्धा भाग मागें पडल्यावर चाकें टेकलीं, आणि सहवैमानिकानें पुन्हां वर जाण्याविषयीं सुचविलें असतांही उतरणें चालूंच राहिलें. धाकट्यानें वडीलधाऱ्यास ठामपणें 'थांबा' म्हणणें, व प्रसंगीं विमान स्वतःच्या हातीं घेणें, हें त्या लहानशा खोलींत शिष्टाचाराहून मोठें कर्तव्य असतें. विमान कंपन्या आज तें मुद्दाम शिकवितात. आतां आमच्या घरांत व शाळांत आम्ही काय शिकवितों? 'उलट बोलूं नको,' 'मोठ्यांपुढें तोंड मिटून ऐक.' गेल्या वर्षीं फळ्यावरील आमचीच एक चूक तिसऱ्या बांकावरील एका मुलीस दिसली होती, पण ती तास संपेपर्यंत गप्प बसली. कां, असें विचारल्यावर "तुम्ही रागवाल असें वाटलें," असें तिनें सांगितलें. तो दोष तिचा नव्हता.

मुलींविषयीं लिहिलेंच आहे तर आणखी एक. कित्येक पालक मुलीचा विचार निघाला कीं हंसून विषय बदलतात. कॅप्टन सौदामिनी देशमुख ह्यांनीं १९८५ सालीं इंडियन एअरलाइन्सचें फॉकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरास नेलें, तेव्हां त्यावरील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आज आपल्या देशांतील वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा पंधराच्या आसपास आहे; जगाच्या सरासरीहून तें दुपटीहून अधिक आहे. लग्नासाठीं सांठविलेले पैसे शिक्षणास लावण्याचें धैर्य मात्र अजून थोड्याच घरांत दिसतें.

विमानतळाजवळ राहणाऱ्या प्रत्येकानें विमानच चालविलें पाहिजे असें नाहीं, हेंही जातां जातां सांगतों. विमानांची दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याचें शिक्षण वैमानिकाच्या मानानें पुष्कळ कमी खर्चांत होतें. हवाई वाहतूक नियंत्रकाची जागा स्पर्धापरीक्षेनें मिळते, व तीस पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन झालेली पदवी चालते. वैमानिकास 'उतर' म्हणून सांगणारा आवाज त्याचाच असतो. ज्यांच्या जमिनी विमानतळांत गेल्या, त्या गांवांतील मुलांस तेथें निदान हीं कामें तरी मिळावीं. ओझीं उचलण्याचीं व झाडण्याचीं कामें तेवढीं स्थानिकांस, आणि बाकीचीं बाहेरच्यांस, अशी वांटणी आम्हांस डोळ्यांनीं पाहावी लागूं नये.

आमच्या त्या विद्यार्थ्यास कंपनीनें लेखी परीक्षेस बोलाविलें. तीत तो उतरला. मग नकली विमानकोठडींत, जिला सिम्युलेटर म्हणतात, त्याची परीक्षा झाली, आणि शेवटीं तिघां अधिकाऱ्यांपुढें मुलाखत. हवामानशास्त्रांत पहिल्या खेपेस कां नापास झालास, हा प्रश्न त्यांनीं विचारिलाच. त्यानें खरें कारण सांगितलें; मोसमी वाऱ्यांचें प्रकरण पाठ केलें होतें, समजून घेतलें नव्हतें. मग त्यांतल्या एकानें त्यास तेंच प्रकरण विचारिलें, व त्यानें नैर्ऋत्येचा पाऊस कोंकणांत कसा येतो व सह्याद्रीवर अडून ढग कसे चढतात तें सविस्तर सांगितलें. बाहेर पडतांना आपली निवड झाली असें त्यास वाटलें होतें. ती झाली नाहीं. कारण कळविलें नाहीं. असल्या पत्रांत तें नसतें.

बातमी सांगण्यास बापलेक दोघे आले. आम्हांस काय बोलावें सुचेना. 'एक' लिहिलें असतें तर? हा प्रश्न त्या खोलींत कोणीं उच्चारिला नाहीं, पण आम्हांस तो ऐकूं आला. शेवटीं गृहस्थच म्हणाले, "मास्तर, पेरणी एकदां गेली म्हणून शेत टाकतां येतं का?" आणि उरलेल्या अर्ध्या शेतांतल्या नव्या तांदळाची पिशवी आमच्या दाराशीं ठेवून ते उठले.

मुलगा सध्यां पनवेलच्या एका शिकवणीवर्गांत गणित शिकवून व्याजापुरते पैसे मिळवितो. दुसऱ्या कंपनीकडे त्यानें गेल्या महिन्यांत अर्ज केला. पाठविण्यापूर्वीं तो आम्हांस दाखविण्यास त्यानें आणिला नव्हता. पाठविल्यावर सहज म्हणून दाखविला. वडिलांच्या व्यवसायापुढें 'शेतकरी' होतें, आणि हवामानशास्त्रापुढें 'दोन'. उत्तर अद्याप यावयाचें आहे.